तोरण होईपर्यंत तीन गढ्या

"शनिवारी आलोइस आणि हेडविगला घेऊन तू गढ्या बघायला जा," शेजारच्या थेक्लाबाई म्हणाल्या. "पाच वाजायच्या आत दोघांना वस्तीत पाऊल टाकू द्यायचं नाही. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. तोरण बांधायचंय."

"आणि गुलाब कोण करणार?" मी विचारलं.

"आम्ही करू."

माझं डोकंच फिरलं. आमच्या वस्तीत कुणाचं लग्न ठरलं किंवा त्याला पंचवीस, पन्नास वर्षं झाली, अगदीच हौस असली तर साडेबारासुद्धा, की शेजाऱ्यांनी मिळून त्यांच्या दाराला हिरव्या फांद्यांचं तोरण बांधायचं आणि त्यात कागदाचे गुलाब खोचायचे. ज्यांचं तोरण, त्यांनी ते बांधताना बघायचं नाही आणि बांधून झाल्यावर त्याला हात लावायचा नाही. बदल्यात त्यांनी सगळ्यांना पोटभर दारू पाजायची. या सगळ्यात गुलाब माझे. मी डुइसबुर्ग शहरातली, म्हणजे तासाभराच्या वाटेवरची, पण इथल्या लोकांना डुइसबुर्ग आणि चंद्र सारखेच लांब. लग्न होऊन आले तेव्हा कुणी तीन शब्दांच्या वर बोलत नव्हतं. मग मी कागदाचे गुलाब करायला शिकले, आणि असे शिकले की फुलं सोडून माझ्याच गुलाबांवर माशा बसाव्यात. वस्तीला माझी गरज लागायची ती तेवढ्यासाठी. आता तीही नको झाली म्हणायची.

दुसरंही एक होतं, तेही सांगून टाकते. माझ्या दाराला कधी तोरण लागलं नव्हतं. हुबर्टचं आणि माझं लग्न बारा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात झालं, कचेरीत जाऊन, दोन सह्या करून. दोघांचंही दुसरं. शेजाऱ्यांना सांगायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि हुबर्टनं तोंड उघडलं नाही. तो तोंड उघडतो ते जेवायला. न कळवता केलेल्या लग्नाला इथे तोरण नाही. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही, आमचं दार फक्त कोरडं राहिलं. दुसऱ्यांच्या दारी गुलाब खोचताना दर वेळी मला आतून वाटायचं, एकदा तरी माझ्या दारी. पण मागून घ्यायची ती वस्तू नव्हे.

शनिवारी सकाळी हुबर्टला म्हटलं, "तू तरी चल."

"मशीन," हुबर्ट म्हणाला. थेक्लाबाईंचं गवत कापायचं मशीन बिघडलं होतं, ते ट्रॅक्टरमागे बांधून त्याला पलीकडच्या तालुक्यात दुरुस्तीला न्यायचं होतं.

आम्ही तिघं सायकलींवर निघालो. आलोइस आणि हेडविग, दोघंही पंचाहत्तरीचे, बॅटरीच्या सायकलींवर. मी माझ्या साध्या सायकलीवर त्यांच्या मागे धापा टाकत. मे महिना, दोन्हीकडे मोहरीसारखी पिवळीधमक शेतं आणि मधून कुंपणांच्या अरुंद पायवाटा. माझ्या पिशवीत पंप होता आणि डोक्यात युक्त्या. म्हातारी माणसं, दुपारी जेवल्यावर घरी चला म्हणणारच. तेव्हा गुपचूप माझ्याच चाकातली हवा सोडायची आणि वेळ काढायचा, असा बेत होता.

पहिली गढी लेर्बेकची. चारी बाजूंनी खंदक, मध्ये लाल विटांची गढी, पाण्यात तिचं उलटं रूप आणि त्यावरून पोहत जाणारी बदकं. आतली लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवर लोकरीच्या मोठ्या सपाता चढवायला देतात. मी पायांत घालून जपून चालू लागले. हेडविगनं एकवार इकडेतिकडे पाहिलं, स्कर्ट जरा उचलला आणि मोठ्या दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूं करून घसरत गेली.

"अगं, पडशील ना," आलोइस म्हणाला.

"पडले तर उचल. पन्नास वर्षं दुसरं काय केलंस?"

मग तोही घसरला. भिंतीवरचे सगळे सरदार बघत राहिले. मलाही राहवलं नाही. तीन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे राखणदार बाई आली आणि दारातूनच म्हणाली, "सपाता परत करायच्या असतात, झिजवायच्या नसतात." आम्ही शाळकरी पोरांसारखे बाहेर पळालो. तोरणाचा राग मी कुठे ठेवला होता, तेच मला आठवेना.

दुसऱ्या गढीच्या पुलावर हंस बसला होता. बाजूला हंसीण अंड्यांवर बसलेली, आणि हा पहाऱ्यावर. आम्ही जवळ गेलो की तो पंख पसरून फिस्कारायचा.

"आज गढी हंसाच्या मालकीची आहे," मी म्हटलं. मनात म्हटलं, बरं झालं, इथे अर्धा तास जाईल.

आलोइसनं डबा उघडला, काळ्या पावावर मांसाचा तुकडा ठेवला आणि खंदकाच्या काठावर ऐसपैस बसला. "त्याला घाई नाही, मला घाई नाही. बघू कोण आधी उठतो." आणि खरंच बसला की हो. समोर गढीच्या भिंतीतून पाण्यावर बाहेर आलेली एक छोटी खोली होती. ती त्यानं मला हातानं दाखवली.

"ती काय आहे, सांग."

"देवघर?"

"संडास. सरदार तिथे बसायचा आणि खाली खंदकातले मासे लठ्ठ व्हायचे. शत्रू पोहून यायचा म्हणला तरी या बाजूनं येत नसे."

हेडविग म्हणाली, "जेवताना तरी."

तासाभरानं हंसच कंटाळून पाण्यात उतरला. आलोइसनं टोपी काढून त्याला नमस्कार केला. मी चकितच झाले होते. दोघं घरी जायचं नावही काढत नव्हती. मी म्हणावं, चर्च बघू या, तर हेडविग म्हणायची, दोनदा बघू या. असले पाहुणे मिळाले तर कुणाची युक्ती कशाला लागते?

तिसरं ठिकाण आल्टेन हेगे, गढी कसली, शेतीवाडीचा मोठा वाडाच म्हणा. लिंडेनच्या जुन्या उंच झाडांची दुतर्फा रांग, मग खंदक, मग घर. मालकीणबाई, सात पिढ्यांच्या सरदारीण, गुडघ्यांवर बसून तण उपटत होत्या. हेडविगनं त्यांना रोपांबद्दल असं काही बोलण्यात गुंतवलं की शेवटी मालकीणबाईंनी कोथिंबिरीसारखी मूठभर पार्सली खुडून तिच्या हातात कोंबली आणि सुटका करून घेतली. घोड्यांच्या जुन्या तबेल्यात कॅफे आहे. तिथे आम्ही आंबटगोड रुबार्बचा केक घेऊन बसलो. साडेतीन झाले होते. आता सगळं पार पडल्यातच जमा होतं, म्हणून मी जरा सैल सुटले.

"तुमच्या लग्नात काय होतं जेवायला?" मी विचारलं.

"बटाटे," हेडविग म्हणाली. "काढणी चालली होती ना. आईनं लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मला शेतात वाकवलं. नखांतली माती निघेना, म्हणून हातमोजे घालून उभी राहिले."

माझ्या हातातला काटा तसाच राहिला. बटाट्याची काढणी म्हणजे सप्टेंबर. आत्ता मे.

चुकीच्या दिवशी तोरण! चार महिने आधी! इथल्या माणसांकडून हीच चूक व्हायची, कारण कुणी कुणाला विचारतच नाही. एकानं मान डोलावली की अकरा घरं कामाला लागतात. आणि वेळेआधी बांधलेलं तोरण अशुभ मानतात. बिचारी हेडविग दारात उभी राहून काय बोलेल? मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले आणि थेक्लाबाईंना फोन लावला.

"थेक्लाबाई, घोटाळा झालाय. यांचं लग्न बटाट्याच्या काढणीत झालं होतं."

पलीकडे थोडा वेळ कात्रीचा आवाज आला. "मग?"

"मग काय? आत्ता मे आहे. तोरण थांबवा."

"बटाटे बटाट्याच्या जागी," थेक्लाबाई म्हणाल्या. "पाचला आण." आणि फोन ठेवला.

थेक्लाबाई अठ्ठ्याहत्तरच्या. मला वाटलं, वय झालं, ऐकून घेत नाहीत. आता मीच जाऊन थांबवायला हवं. दिवसभर जी पाच वाजू दे म्हणून देव पाण्यात घालून बसले होते, ती मी आता पाचच्या आत घर गाठायला निघाले.

"चला, निघू या," मी म्हटलं.

"माझा गुडघा," हेडविग म्हणाली.

"सकाळी घसरताना कुठे होता गुडघा?"

"तेव्हापासूनच दुखतोय."

"मग तुम्ही सावकाश या, मी पुढे होते." मी सायकलीकडे धावले. मागचं चाक जमिनीला टेकलेलं. हवा नावाला नाही. पिशवीत पंपही नाही. आलोइस हात पाठीमागे बांधून तबेल्याचं छप्पर बघत उभा होता.

"आलोइस, पंप बघितलात?"

"कौलं चांगली आहेत," आलोइस म्हणाला.

पंप त्याच्या पाठीमागच्या हातातच होता. "बेंचखाली सापडला," असं म्हणून त्यानं हवा भरायला घेतली, आणि अशी भरली की दोन दट्टे मारून कमर धरायची, मग आभाळ बघायचं, मग पुन्हा दोन. माझा जीव वरखाली. मी पंप ओढला तर सोडेना. "पाहुणीनं काम करायचं नसतं." मी म्हटलं, "पाहुणे तुम्ही आहात." तो म्हणाला, "असं होय?" आणि पुन्हा कमर धरली.

वाटेत मी जिवाच्या आकांतानं पायडल मारले. ती दोघं मात्र बॅटरीवर आरामात माझ्या दोन्ही बाजूंना, गुडघाबिडघा विसरून. वस्तीच्या वळणावर आलो आणि चर्चच्या घंटेनं पाचचे ठोके दिले. संपलं, असं म्हणून मी हेडविगच्या दाराकडे बघितलं.

दार कोरडं होतं.

"आमच्या दाराला काही नाही बाई," हेडविग म्हणाली. "पुढे हो."

पुढचं घर आमचं. अंगणात सगळी वस्ती उभी होती, आणि आमच्या दाराला चौकटभर हिरवं तोरण होतं, पांढऱ्या गुलाबांचं. मी सायकलीवरून उतरले की पडले, आठवत नाही. आलोइसनं सायकल धरली एवढं खरं.

थेक्लाबाई पुढे आल्या. त्यांच्या एकेका बोटाला पट्टी. "साडेबारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आज बरोबर. पंचविसाला चांदी, तर ही अर्धी चांदी."

"पण आम्ही तर कळवलं नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हतं. म्हणून म्हटलं, पंचविसाला करू, तेवढी शिक्षा पुरे. मग मी माझं वय मोजलं." त्यांनी हेडविगच्या हातातली पार्सली घेतली आणि तोरणात खोचली, अर्ध्या चांदीला ती लागतेच. "तुझ्या चांदीला मी असेन कशावरून? माझ्यामागे ही माणसं विसरतील. म्हणून अर्ध्यावर उरकलं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. इथे कुणी असं चारचौघांत रडत नाही. सगळ्यांनी सभ्यपणे कोंबड्यांकडे बघितलं.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. हुबर्ट उतरला. मशीन तसंच, दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंच, तिकडच्या माणसानं त्याला दिवसभर कॉफी पाजून बसवलं होतं. त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं तोरण वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. कान लाल झाले होते त्याचे. मग आत जाऊन कपाटातल्या सगळ्या बाटल्या घेऊन आला.

मी आता जवळून तोरण बघत होते. माझ्याशिवाय केलेले गुलाब ते. काही कोबीच्या गड्ड्यासारखे, काही मिटलेलेच, एक तर उलटा खोचलेला. माझा हात आपोआप त्या उलट्याकडे गेला. थेक्लाबाईंनी चापट मारली.

"आपल्या तोरणाला हात लावायचा नाही."

हुबर्टनं ग्लास माझ्या हातात दिला. "नावं ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. आमच्याकडे याच्यापेक्षा मोठी स्तुती नाही.

जागा होती. मला उभ्या उभ्या वीस तरी दिसत होत्या. त्यातली एकही मला सुधारायची नव्हती.