एकट्यापुरता पहिला नंबर

लाइल ब्रॉकमनला आयुष्यात कधी बक्षीस म्हणून मिळालेलं नव्हतं, आणि का मिळालं नसावं हे त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी कळत असे. विमा कंपनीत बसून जन्मभर त्यानं लोकांच्या बुडालेल्या तळघरांचे दावे नाकारले, निवृत्त झाला आणि त्रेसष्टाव्या वर्षी काउबॉय व्हायचं ठरवलं. कारण मेहुणा गॉर्डन. गॉर्डनच्या बैठकीत बोलिंगचे चषक, गोल्फचे चषक आणि पेंढा भरलेला एक मासा. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापता कापता तो विचारी, "काय लाइल, यंदा काही जिंकलास, की नुसता जेवायला आलास?"

लाइलच्या इंडियानात मका पिकतो, काउबॉय नाहीत. तरी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत दर महिन्याला पन्नासेक पेन्शनर काउबॉयच्या काळातल्या जुन्या पश्चिम अमेरिकेचे कपडे चढवून लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडतात. पत्रे ऐसपैस आणि इतके जवळ, की नेम चुकवायचा तर वेगळी मेहनत घ्यावी लागते. प्रत्येकानं टोपणनाव घ्यायचं, आणि ते दुसऱ्या कुणाचं नसावं. मरण, धूळ आणि व्हिस्की असलेली सगळी नावं आधीच्यांनी संपवल्यामुळे लाइलच्या वाट्याला 'ग्रिम मार्व्हिन', म्हणजे उग्र मार्व्हिन, आलं.

नवख्याला या क्लबचा सल्ला एकच: आधी काही विकत घेऊ नकोस, ये, आमच्या बंदुका वापर. लाइलनं मान डोलावली आणि घरी जाऊन गेल्या वर्षीचे निकाल चाळले. तिथं गट इतके होते, वयाचे, पोशाखाचे, बंदुकांचे, की जवळजवळ प्रत्येक जण कशात ना कशात पहिला आलेला. 'सरहद्दी गडी' या गटात मात्र चिटपाखरू नव्हतं. त्यात रिव्हॉल्व्हरमध्ये बंदुकीची काळी दारू हातानं ठासायची, मग ते एका हातानं झाडायचं आणि धुरात पुढचं काही दिसलं नाही तरी तक्रार करायची नाही. शहाणा माणूस तिकडे फिरकत नसे. लाइल फिरकला.

मग घरात पार्सलं येऊ लागली. दोन रिव्हॉल्व्हर, जोडनळीची बंदूक, रायफल, चामड्याचा कोट, घोड्याला टोचायला बुटाच्या टाचेला लावायचे काटे. बंदुका ढकलत न्यायला अक्रोडाच्या लाकडाची हातगाडी, बाबागाडीपेक्षा देखणी. घोडा तेवढा आला नाही.

"त्या कोटाला मेलेल्या घुशीचा वास येतोय," बायको जेनेट म्हणाली.

"अस्सल बायसनचं कातडं आहे."

"मग बायसनलाच द्यायचं होतं ठेवून."

"जेनेट, त्या गटात दुसरं कुणीच नाहीये!"

"मग हरवणार कुणाला?"

"हरवायचं कशाला? जिंकायचंय."

सामन्याच्या सकाळी पंच ड्वाइट ओक्सनं गट वाचून दाखवले. "सरहद्दी गडी: ग्रिम मार्व्हिन. एकटाच."

"एकटा?" मागून व्हर्ना हॅस्केल म्हणाली. एकाहत्तर वर्षांची, क्लबमधला सगळ्यात चपळ हात. "नवा माणूस आणि त्याला एकटा सोडायचं? लाज वाटायला हवी आपल्याला. थांब रे पोरा, मी येते तुझ्या जोडीला. तसली रिव्हॉल्व्हर पडलीयेत माझ्या गाडीत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाइलनंही वाजवल्या, कारण सगळे त्याच्याकडेच बघत होते. मग तो ड्वाइटला बाजूला घेऊन गेला.

"नियम बघितलेस का? या गटात टाचेला काटे लागतात. तिच्या बुटाला नाहीत."

ड्वाइटनं मिशी चावली. "घोडा कुणाकडेच नाही, ग्रिम."

"नियम म्हणजे नियम." दावे नाकारतानाचा जुना आवाज त्याला आपसूक लागला.

"व्हर्ना!" ड्वाइट ओरडला. "ग्रिम म्हणतोय तुला काटे नाहीत!"

तो 'ग्रिम म्हणतोय' एवढं नसता बोलला तरी चाललं असतं. पण तिथल्या लोकांना आडून बोललेलं कळतच नाही. तीन म्हातारे लगेच गुडघ्यांना शिव्या घालत खाली वाकले आणि आपापले काटे सोडून पुढे करू लागले.

"बरं झालं हो यानं पाहिलं," व्हर्ना म्हणाली. "नाहीतर फुकट बाद झाले असते. नवा आहे, पण काळजीवाला आहे!"

कुणीतरी लाइलच्या पाठीवर थाप मारली. चामड्यातून धूळ उडाली.

पुढचं सांगण्यासारखं नाही. व्हर्नानं पत्रे मटार सोलावेत तसे उडवले. लाइलनं पहिला बार काढला आणि स्वतःच्याच धुरात गडप झाला. आतून आवाज येत राहिले, पत्र्याचा फार थोड्या वेळा. धूर ओसरला तेव्हा तो खाणीच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दोघांच्या गटात बक्षीस एकालाच. संध्याकाळी व्हर्नानं बक्षिसाचं, कमरपट्ट्याचं पितळी बक्कल घेतलं आणि ती थेट लाइलकडे आली. "माझ्याकडे असल्या बक्कलांचा ढीग आहे. तू ठेव. पहिल्याच दिवशी एवढा धूर खाल्लास."

आता इथं माणूस नको म्हणतो. निदान एकदा तरी म्हणतो. सामना बघायला आलेल्या जेनेटनं तर तेवढ्यासाठी श्वास रोखून धरला.

लाइलनं बक्कल घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं.

"यावर तुमचं नाव कोरलेलं नाही ना?" त्यानं विचारलं.