सात रोपांचा कोपरा

सोमवंगमामा सकाळी सातलाच बांधावर येऊन उभा राहिला. त्याच्या मागे निळ्या कपड्यांतल्या पाच पोरी, हातात धातू शोधायची यंत्रं. मामा आईचा चुलतभाऊ, आणि गावचा प्रमुख. त्याला पाहिलं की मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटतात: याला गरम भाताची टोपली पुढे करावी, आणि याला चिखलात ढकलून द्यावं.

"ओन्सी, कुंपण उघड. या पोरी बॉम्बी काढायला आल्यात."

"चाळीस वर्षं निजलीय ती तिथे. तुझं काय खातेय?"

"ऐका! जग बॉम्ब काढा म्हणून रडतंय आणि ही राहू द्या म्हणून रडतेय."

पोरी हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण आलं नाही. कारण मामा म्हणाला ते खरंच होतं आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

बॉम्बी म्हणजे काय ते आमच्या पठारावर चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मोसंब्याएवढा लोखंडी गोळा. माझ्या जन्माआधी लढाईत परक्या विमानांनी पाऊस पाडावा तशा त्या पाडल्या, आणि निम्म्या फुटल्याच नाहीत. माझ्या नवऱ्याची तीन बोटं कुदळीखाली आलेल्या एका बॉम्बीनं नेली. तो मरेपर्यंत उरलेल्या दोन बोटांनी चिमटीत धरून भात खायचा आणि वर मलाच म्हणायचा, बघ, सांडत नाही. तेव्हा बॉम्बीचा लळा मला असायचं काही कारण नाही.

पण पाच वर्षांपूर्वी ओढ्याखालची सगळी शेतं साफ झाली. डुक्कर कापलं, भाताची दारू काढली, सगळे नाचले, मीही नाचले. सहा महिन्यांत ती शेतं केळीच्या कंपनीकडे गेली. साफ जमीन म्हटल्यावर बुलडोझर फिरायला मोकळा. आता तिथे निळ्या पिशव्या घातलेले केळीचे घड लोंबतात आणि आठवड्यातून दोनदा फवारणी होते. ओढ्यातले बेडूक गेले, भाताच्या पाण्यातले बारके मासे गेले. माझी मावसबहीण स्वतःच्याच शेतात मजुरीनं फवारते आणि बाजारातून तांदूळ विकत आणते. तिच्या हातांची सालं निघतात. "निदान पाय तरी सलामत आहेत," म्हणते.

आमचं शेत वाचलं ते बॉम्बीमुळे. मामा दरवर्षी कंपनीला जमीन द्यायचा कागद घेऊन यायचा. त्यात एक रकाना होता, 'देत नसल्यास कारण'. मामा त्यात 'बॉम्ब' लिहायचा, मी अंगठा उठवायची आणि आम्ही जेवायला बसायचो. ईशान्येच्या कोपऱ्यात आईनं मी लहान असताना घातलेलं कुंपण होतं, त्याच्या आत बॉम्बी. आम्ही तिथे पाय ठेवत नसू. बाकीच्या शेतात आमचं पिल्लू भात पिकायचं, कोंबडीच्या पिल्लासारखं पिवळं, घट्ट चिकट. ते बियाणं आईच्या आईचं.

पोरींची मुकादम विलाय. वय पंचविशीचं, आवाज हवालदाराचा.

"मावशी, मागे सरा."

"कुंपणात नका जाऊ गं."

"मावशी, कुंपणात जायलाच तर आलोय. फिरायला येतो का आम्ही?"

माझी लेक फायलिन माझ्या शेजारी उभी होती. एकोणीस वर्षांची. आमच्यात शेत धाकट्या मुलीला जातं. माझं आता तिला जायचं होतं. लावणीच्या आधी शेताच्या राखणदार देवाला, ताहेकला, कुंपणापासून लांब असलेल्या त्याच्या कोपऱ्यात सात रोपं लावायची असतात. घरातल्या एकाच बाईनं, नुसत्या हातानं. तिथे नांगर जात नाही, कुदळ जात नाही. तीस वर्षं ती रोपं मी लावत आले, आणि यंदा पंधरा दिवसांनी फायलिन लावणार होती.

"आई, बॉम्बी निघाली तर शेत जाणार," ती हळूच म्हणाली. "नाही निघाली तर?"

"तरी जाणारच. गप्प बस."

दोन तास पोरी कुंपणात वीत वीत सरकत होत्या. यंत्र तीनदा वाजलं. एकदा कोयत्याचं पातं निघालं, एकदा खिळा, एकदा माशाच्या डब्याचं झाकण. मग विलाय घाम पुसत बाहेर आली.

"मावशी, इथे काही नाही."

"नाही कसं? आहे!"

"नाही."

"नीट बघ की!"

मामा मोठ्यानं हसला. मी एका परक्या पोरीशी माझ्याच शेतात बॉम्ब असल्याबद्दल भांडत होते. चाळीस वर्षं आम्ही रिकाम्या जागेला वळसा घालून चालत होतो. मला हायसं वाटलं, संताप आला आणि रडूही आलं. आधी काय आलं ते आजही सांगता येणार नाही.

"उरलेलं शेत बघून घेतो आणि दुपारी शेत साफ असल्याचा दाखला देतो," विलाय म्हणाली. मामानं पिशवीतून कंपनीचा कागद काढून हातात धरूनच ठेवला.

उरलेल्या शेतात यंत्र गप्प होतं. मग एक पोरगी ताहेकच्या कोपऱ्यात गेली, जिथे बांबूच्या काठीला त्याच्या नावानं कामट्यांची विणलेली चांदणी टांगलेली असते. आणि यंत्र किंचाळलं. खिळ्यासाठी वाजतं तसं नाही.

विलायनं सगळ्यांना मागे हटवलं. ती एकटी पालथी पडून माती खुरप्यानं बोटभर बोटभर काढत राहिली. अर्ध्या तासानं तिनं न वळताच हात वर केला.

"आहे. गुडघाभर खाली. चांगली जिवंत आहे."

मी माझ्या हातांकडे बघितलं. तीस वर्षं, दरवर्षी सात वेळा, ही बोटं मी त्याच चिखलात खुपसली होती. फायलिननं माझं मनगट धरलं.

चार वाजता तिथल्या तिथे उडवायचं ठरलं. आजूबाजूच्या सगळ्यांना देवळाच्या मंडपात नेऊन बसवलं. आईला मामाच्या मोटरसायकलवरून आणलं. आई शहात्तर वर्षांची. तिनं सुपारी तोंडात टाकली आणि काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं. ती चघळत राहिली.

"सापडली होय," ती म्हणाली. "मीच ठेवली होती ती."

मी म्हणाले, "आई, काय बोलतेयस? कुणी ठेवली?"

"मी. लढाईनंतर सरकारनं सगळ्यांची शेतं एकत्र करायची टूम काढली होती तेव्हा. बियाणंसुद्धा एका कोठीत ओता म्हणाले. माझ्या आईचं भात मी कुणाच्या कोठीत ओतू? सांगितलं, माझ्या शेतात बॉम्बी आहे. कुंपण घातलं. मग साहेब म्हणाला, तपासायला माणूस पाठवतो. आता खोटं पडायची वेळ आली. म्हणून ओढ्याकाठची एक उचलून आणली, भाताच्या टोपलीत घालून."

"टोपलीत!"

"हळू चालले."

"मग कुंपणात का नाही ठेवलीस?"

"तेव्हा कुंपण असूनही पोरं तिथे बोरं खायला घुसायची. ताहेकच्या कोपऱ्यात कोण जातं? तपासायला आला असता तर मी खोदून दाखवली असती. तो आलाच नाही."

"मी जात होते! दरवर्षी मी जात होते, आई!"

"वरच्यावर लावायची असतात ती रोपं. तुझा हात हलका आहे."

"सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता," आई म्हणाली. "थरथरत्या हाताचं रोप धरत नाही."

तिच्या अंगावर धावून जावं असं मला वाटलं. या बाईनं आमचं शेत राखलं होतं, आणि त्यासाठी मला तीस वर्षं मरणावर ओणवं केलं होतं. आता तिच्या पाया पडू की तिच्याशी बोलणं टाकू? मामानं हातातल्या कागदाची घडी घातली. फायलिन उठली, आजीजवळ जाऊन बसली, आणि मग तिथूनही उठून खांबापाशी उभी राहिली.

कर्ण्यातून तीनदा इशारा झाला. मग धडाका. मंडपाच्या कौलांतून धूळ पडली, कुत्री ओरडत सुटली, माझ्या कानात नुसतं घूं होऊन बसलं.

आम्ही शेतावर गेलो तेव्हा ताहेकच्या कोपऱ्यात डालग्याएवढा खड्डा होता. बांबूची काठी नाही, चांदणी नाही. विलायनं दाखल्यावर सही केली आणि तो माझ्या हातात दिला. "मावशी, आता शेत साफ. कुठेही खुशाल हात घाला," ती म्हणाली. ती इतक्या मनापासून हसली की मी तिला पोटाशी धरलं. तिनं माझ्या लेकीचे हात वाचवले होते. आणि तिनंच माझं कारण उडवलं होतं.

मामानं कागद बांधावर पसरला.

"ओन्सी, आता अडचण काहीच उरली नाही. अंगठा दे."

"नाही."

"काय? कान बसलेत गं माझे."

"नाही म्हणाले."

"आजवर बॉम्ब होता. आता काय सांगू त्यांना? हा रकाना मोकळा ठेवला तर होकार धरतात."

मी त्या रकान्याकडे बघितलं. इतकी वर्षं तिथे लिहायला आमच्याकडे एक शब्द होता, तोही आईनं टोपलीतून आणलेला. माझा स्वतःचा असा एकही नव्हता. मामा पेन उघडून थांबला होता. फायलिन खड्ड्याच्या काठाशी बसली होती आणि उकरलेली माती दोन्ही हातांनी आत लोटत होती.

"लिही," मी म्हणाले, "भात लावायचंय."

"हे काय कारण झालं?"

"तू लिही."

त्यानं डोकं खाजवलं. मग वाकून, अक्षर अक्षर जुळवत, लिहिलं. मी अंगठा उठवला. माझा हात थरथरत होता, ठसा फरकटला.

"फायलिन," मी लेकीला म्हणाले, "ठरलंय तशी सात रोपं यंदा तूच लाव."