माझ्यातून गेलेलं शेवटचं नाव

मित्रांनो, मी परतवाड्याच्या एका देवीच्या देवळातला जुना माइक आहे. वायरवाला. हल्ली माझा मुक्काम कपाटात, कापराच्या डब्यामागे असतो. तिथून मला सगळं ऐकू येतं, आणि ऐकून ऐकून मी जळतो. देवीच्या घरात राहून जळू नये, हे कळतं मला. पण खरं ते सांगतो.

कारखान्यातून निघालो आणि इथल्या फुलं पिकवणाऱ्या घरांनी वर्गणी काढून मला आणलं. आलो त्या दिवशी मला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. पहाटेची काकडआरती, महाप्रसादाची हाक, कोणाच्या हरवलेल्या चपला, सगळं माझ्यातून गावात जायचं. "काय खणखणीत आवाज हाये!" लोक म्हणायचे. मी फुगून जायचो.

माझं आवडतं काम मात्र नवरात्रातलं. रोज एका घरची माळ घटावर चढते. तेव्हा पुजारी रामराव माझ्यातून सांगायचे, "आजची माळ अमक्याची, अमक्या गावची." आपलं नाव देवीच्या कानी गेलं, म्हणून ते माणूस डोळे मिटून हात जोडायचं.

गेल्या वर्षी गंगूबाईच्या घरची माळ करिश्माने आणली. करिश्मा ही गंगूबाईची मुलगी. ती ट्रान्सजेंडर आहे. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा समजून तिला दुसरंच नाव ठेवलं होतं. आपण मुलगी आहोत हे तिला मात्र लहानपणापासून ठाऊक होतं. उपास धरून तिने शेवंतीची माळ ओवली होती. रामरावांनी ते जुनं नाव घेतलं, वर "गंगूबाईचा पोरगा" म्हणाले. ते नाव मी इथे सांगणार नाही, मित्रांनो. तेव्हा मात्र ते माझ्यातून पार बाजारापर्यंत गेलं. माणसं हसली. करिश्माने माळ पायरीवर ठेवली आणि दर्शन न घेताच ती निघून गेली.

ते हसू ओसरलं नव्हतं, तोच देवळाचा कारभार बघणारे महादेवराव बिनवायरच्या नव्या माइकचा खोका घेऊन आले. माझी वायर काढली गेली.

काय त्या नव्याचा थाट! रोज चार्जिंग काय, मखमली पिशवी काय. माझ्या जाळीवरची धूळ कोणी पुसत नाही.

यंदा पुन्हा त्या घरची पाळी आली. गंगूबाईने आधीच बजावलं होतं, "पोरीचं नाव नीट नाही घेतलं, तर माह्या घरची माळ या देवळात पुन्हा येनार नाही." मी कपाटाच्या फटीतून बघत होतो. रामराव नवा माइक धरून म्हणाले, "आजची माळ आपल्या तृतीयपंथी भगिनीची, ज्या आधी मुलगा होत्या, पण देवीच्या कृपेनं..."

"थांबा काकाजी," करिश्मा म्हणाली. "मी आधीबी पोरगीच होती. लोकायले समजलं नव्हतं. अन् काल श्यामभाऊची माळ होती, तवा तुमी 'आपले टकले बंधू' म्हटलं का?"

श्यामभाऊंचा हात आपोआप डोक्यावर गेला. बायका पदराआड हसल्या.

"ट्रान्सजेंडर म्हटलं तर मले राग नाही. लागन तिथं म्हना. पन बाकीच्यायचं नाव-गाव सांगता, तेवढंच माहं सांगा."

"चुकलंच बाई माहं," म्हणून रामरावांनी घसा साफ केला. "आजची माळ करिश्माची, परतवाड्याची."

माळ घटावर चढली. करिश्माने डोळे मिटून हात जोडले.

आणि मी? ते नाव देवीच्या कानी घालायचा मान त्या कालच्या पोराला मिळाला! वर्षानुवर्षं साऱ्या गावाची नावं मी नेली, आणि माझ्यातून गेलेलं शेवटचं नाव मात्र ते, चुकीचं. ते अजून माझ्या जाळीत अडकून बसलं आहे.

मित्रांनो, माणूस आपलं जे नाव सांगतं, तेच घ्या. त्याला शेपूट जोडू नका. आणि कधी या देवळात आलात, तर मला बाहेर काढा. धूळ पुसा, वायर लावा. टकटक करू नका, "हॅलो हॅलो"ही नको. एकदाच, नीट, "करिश्मा" म्हणा.