झिनीच्या दाण्याची चोच

मित्रांनो, मी एका जुन्या चष्म्याची काच आहे. जाड, मध्ये फुगीर आणि एका कडेला चरा गेलेली. चांगल्या डोळ्याच्या माणसाने मला लावले तर त्याला गरगरते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यासाठी माझी घडण झाली. त्या काळी डॉक्टर डोळ्यातले गढूळ झालेले भिंग काढून टाकत, पण त्याच्या जागी नवे बसवत नसत. ती उणीव नाकावर बसून माझ्यासारखीने भरून काढायची असे.

मुंबईच्या एका कारखान्यात मला घासून, पॉलिश करून तयार केले. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. माझ्यासारख्या पुष्कळ काचा तिथून रोज बाहेर पडत. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते कर्जतच्या नेत्रशिबिरात, शाळेच्या एका वर्गात. डॉक्टरांनी काळ्या फ्रेममध्ये बसवून मला भिसेगावच्या अंबाबाईच्या नाकावर ठेवले. तिच्या एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून दुसऱ्या बाजूला साधी काच होती. अंबाबाईने खिडकीबाहेर पाहिले.

"काय दिसतंय, आजी?" डॉक्टरांनी विचारले.

"माथेरानचा डोंगर," ती म्हणाली. "होता तिथंच हाय."

वर्गात हशा पिकला. डॉक्टरांनी निघताना तिचा मुलगा येसाजी याला बजावले की या चष्म्याने लांबचे दिसेल, हातातले दिसणार नाही, त्यासाठी जवळचा चष्मा वेगळा करून घ्या. येसाजीने मान डोलावली. पण कर्जतला चष्म्याचे दुकान नव्हते, कल्याणला जावे लागे. लावणी, कापणी, झोडणी आणि खोपोलीच्या गिरणीतली पाळी यांच्यामागे ते काम राहून गेले.

त्यामुळे अंबाबाईला डोंगर दिसे, नदीपलीकडची गुरे दिसत, गाडीचा धूर दिसे. हातातला भाताचा दाणा मात्र दिसत नसे. मला नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली ओढले की थोडे स्पष्ट व्हायचे, पण दाण्यापर्यंत माझी मजल जात नव्हती. आणि तिला तर दाणाच पाहायचा होता.

त्याचे कारण असे. अंबाबाईच्या घरात झिनी नावाचे भात तिच्या सासूपासून चालत आले होते. बारीक दाण्याचे, शिजताना ओसरीपर्यंत वास येणारे. दर वर्षी पेरणीचे बी तीच निवडायची. डोळे गेले तेव्हा ते काम सून हिरूकडे आले. शस्त्रक्रिया होऊन मी नाकावर बसले तोवर झिनीचा वास कमी झाला होता. पुढच्या वर्षी तो जवळजवळ गेलाच.

"बियात भेसळ झालीय," अंबाबाई म्हणाली.

"आये, वय झालं की नाक मंदावतं," येसाजी म्हणाला.

"माझं नाक मंदावलं, मग तुझं काय झालं? तुला येतो वास?"

हिरूने सुपात दाणे घेतले, उजेडात धरले, पुन्हा पुन्हा पाहिले. "आत्या, सगळे एकसारखे दिसतात. खूण काय बघायची ते तरी सांगा."

"खूण कसली गं? तुझा नवरा ओळखायला तुला खूण लागते? दिसला की कळतो."

इथेच सगळे अडले होते. जिला दाणा ओळखता येत होता तिला तो दिसत नव्हता, आणि जिला दिसत होता तिला ओळखता येत नव्हता. येसाजीने ठरवून टाकले, झिनी आता बंद. पिकाचा उतारा कमी, आणि वासही नाही. येत्या पेरणीला सगळ्या खाचरांत सुधारित वाण लावायचे. त्या दिवशी अंबाबाई जेवायला उठली नाही.

याच सुमारास गोठ्यातल्या वासराने चष्म्याची एक काडी चावली, फ्रेम दगडावर पडली आणि दुसऱ्या बाजूची काच फुटली. मी वाचले, फक्त कडेला चरा गेला. येसाजी मला रुमालात बांधून कल्याणला घेऊन गेला आणि दुकानदाराला म्हणाला, "हुबेहूब अशी पाहिजे." दुकानदाराने हुबेहूब माझ्यासारखीच काच घालून नवा चष्मा दिला. म्हणजे लांबचाच. जवळच्या चष्म्याची आठवण कोणालाच झाली नाही.

मी मग फळीवर पडून राहिले. अंबाबाई कधी कधी मला हातात घेई, नवा चष्मा लावून माझ्यातून दाणा पाहू जाई. दाणा माझ्याखाली क्षणभर मोठा दिसे, आणि तिचा हात थरथरला की निसटून जाई. एका हातात दाणा, एका हातात मी, आणि दोन्ही हात कापरे. थोड्या वेळाने ती मला जागेवर ठेवून देई.

येसाजीला एक नाद होता. गिरणीतल्या मित्राने नवा कॅमेरा घेतला तेव्हा आपला जुना पेटीच्या आकाराचा कॅमेरा त्याने येसाजीला देऊन टाकला होता. त्यात उभ्या माणसाचा फोटो बरा यायचा, पण दोन पावलांच्या आत काही आले की सगळे धुरकट. येसाजीला नेमके जवळचेच टिपायचे होते. मोगऱ्याच्या कळीवर मुंगी चढताना पाहिली की तो काम सोडून तिथेच उकिडवा बसे. एकदा वर्तमानपत्रावर मी पडले होते. माझ्याखालची अक्षरे मोठी दिसत होती. त्याने मला उचलले, सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली आणि त्या पट्टीने मला कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवले.

फिल्मचा पहिला रोळ पूर्ण वाया गेला. कर्जतच्या बाजारात भिवाजीचा फोटो स्टुडिओ होता. त्याने रोळ धुतला आणि फोटो हातात देत म्हणाला, "येसाजी, धुक्याचे फोटो फार छान आलेत."

चुका दोन होत्या. माझ्यातून एका ठरावीक अंतरावरचेच स्पष्ट दिसते, पुढे-मागे सगळे विरघळते. आणि कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वर, तर मी खाली. येसाजी खिडकीतून मुंगी पाही, पण माझ्यासमोर मुंगी नसेच, तिच्याखालचे पान असे.

येसाजीने घाई केली नाही. रोळ नसताना त्याने कॅमेऱ्याची मागची बाजू उघडली. फिल्म जिथे ताणलेली असते तिथे तेल लावलेला पातळ कागद चिकटवला. झडप उघडी धरली आणि डोक्यावर घोंगडी घेतली. कागदावर चित्र उमटले. हिरूने घोंगडीत डोके घालून पाहिले.

"मुंगी उलटी लटकलीय."

"उलटीच दिसायची. पाय मोज तिचे."

"नवऱ्याला मुंगीचे पाय मोजायची हौस, आणि रानात गवत वाढलंय गुडघ्याएवढं," हिरू म्हणाली. पण तिने पाय मोजले.

जिथे चित्र सर्वांत स्पष्ट आले तेवढ्या अंतराची येसाजीने बांबूची कामटी कापली आणि कॅमेऱ्याखाली बांधली. कामटीचे टोक ज्याला टेकेल ते स्पष्ट येणार. खिडकीतून पाहायची गरजच संपली. माझ्या कडा चित्र वाकवतात हेही त्याच्या ध्यानात आले. त्याने काळ्या कागदाला मधोमध भोक पाडून तो माझ्यावर लावला. माझी कड झाकली गेली आणि मधला भाग कामाला आला. उन्हाचा कवडसा पाडायला हिरूने घासलेले पितळी ताट धरले. घरात जे होते त्यातच सगळे भागले.

दुसऱ्या रोळमध्ये मुंगीचे पाय आले, मिशाही आल्या. शेजारचा धाऊ फोटो पाहून म्हणाला, "येसाजी, आमच्या घरातल्या ढेकणांचा पन काढ. लग्नाला आल्यासारखे जमलेत."

हिरू मात्र हसली नाही. तिने फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "मुंगीची मिशी दिसती, तर दाणा दिसंल की."

"काय करायचाय दाणा?"

"आत्यांना लांबचं दिसतं. दाणा मोठा करून लांब टांगा."

मित्रांनो, मी कितीतरी दिवस त्या घरात होते, पण हे मला सुचले नव्हते. येसाजीलाही नाही. बी निवडण्याचे काम जिच्याकडे आले होते आणि भेसळीचा ठपका न बोलता जिच्यावर पडला होता, तिला ते सुचले.

तेव्हा रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून झाले होते. पेरणी जवळ आली होती. सुधारित वाणाचे पोते ओसरीवर येऊन पडले होते. हिरूने कणगीतून झिनीचे दाणे काढले आणि काळ्या पाटीवर खळीने दोन-दोन करून चिकटवले. येसाजीने कामटी टेकवली, श्वास रोखला आणि खटका दाबला. कॅमेरा हलू नये म्हणून त्याने तो पाट्यावर ठेवला होता. मी मनात म्हटले, आज तरी मला नीट पाहता येऊ दे.

भिवाजीने फोटो मोठे करून दिले. दाणा बोटाएवढा झाला होता. "लग्नाच्या जोड्यांचे फोटो मी पुष्कळ धुतले," तो म्हणाला, "पण दाण्यांच्या जोड्या पहिल्यांदा." आणि मग, फोटो कागदात गुंडाळताना, "म्हातारीला काय दिसलं ते मला येऊन सांग."

हिरूने फोटो पडवीच्या खांबाला लावले. अंबाबाई समोर भिंतीला टेकून बसली. तिने चष्मा नाकावर नीट बसवला. एकेका फोटोवरून ती नजर फिरवत राहिली. येसाजी अस्वस्थ झाला.

"आये, दिसतंय ना?"

"थांब रं. वळख पटू दे."

मग तिने काठी उचलली आणि काठीच्या टोकाने एकेक दाणा दाखवू लागली. "ह्यो आपला. ह्यो आपला. ह्यो नाय. ह्यो पन नाय."

"कशावरून?"

आजवर अंबाबाईला हे शब्दांत सांगावे लागले नव्हते. "दाण्याच्या टोकाची चोच बघ. आपल्या झिनीची चोच एका अंगाला वळती, राघूवानी. ह्याची सरळ हाय." आणि थोड्या वेळाने, "ही भाताची जात धाऊच्या घरची हाय. दिसायला तशीच, उंचीला तशीच. वास तेवढा नाय."

भिसेगावात अंबाबाईच्या आणि धाऊच्या घराचे खळे एकच होते. जुना नियम असा की बियाचे भात ताज्या सारवलेल्या खळ्यावर एकटे झोडायचे, तेव्हा दुसऱ्या घरची पेंढी तिथे येऊ द्यायची नाही. अंबाबाईचे डोळे गेले त्या वर्षी कापणीत आभाळ भरून आले आणि दोन्ही घरांनी हात लावून एकत्रच झोडणी उरकली होती.

"मीच म्हनलं होतं, एकत्र उरकू," हिरू म्हणाली.

"आभाळ आलं होतं ना?" अंबाबाई म्हणाली. "मग मी पन तेच केलं असतं. आता रडत बसू नको. सूप आन."

हिरूने सूप आणले. खांबावरच्या फोटोत चोच कशी वळते ते पाहायचे, मग हातातला दाणा माझ्याखाली धरायचा. होय, येसाजीने मला कॅमेऱ्यावरून काढून हिरूच्या हातात दिले होते. तिचे हात स्थिर होते. दाणा माझ्याखाली आला की थांबे, चोच दाखवी आणि या बाजूला किंवा त्या बाजूला पडे. मान भरून आली की ती उठे, पाणी पिई आणि पुन्हा बसे. अंबाबाई समोर बसून फोटोकडे पाही आणि मधूनच विचारी, "वळतीय ना गं?"

"वळतीय, आत्या."

निवडून उरलेले बी फार नव्हते. येसाजीने सुधारित वाण लावलेच, पण नदीकडच्या खाचराचा एक कोपरा झिनीला सोडला. पुढच्या साली तो कोपरा वाढला आणि कणगीचा तळ झाकला गेला. बियाच्या पेंढ्या पुन्हा सारवलेल्या खळ्यावर एकट्या झोडल्या गेल्या. धाऊ बांधावर बसून वाट पाहत राहिला आणि म्हणाला, "राणीचं झालं की आमच्या दासीला बोलवा."

त्या झिनीचा पहिला भात हिरूने शिजवला तेव्हा येसाजी गिरणीतून येऊन अंगणात पाय धूत होता. तो तसाच ओला आत आला. अंबाबाईच्या ताटात वाफाळता भात होता. तिने दोन घास खाल्ले.

"आला का वास?" येसाजीने विचारले.

"भात घाल अजून," ती हिरूला म्हणाली.

त्यानंतर येसाजी आईला स्वतः कल्याणला घेऊन गेला. या वेळी त्याने मला बरोबर नेले नाही. दुकानदाराला सांगितले, "जवळचा पाहिजे. तळहातावरचं दिसलं पाहिजे." पुढची काही वर्षे अंबाबाईने दाणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तिला माझी गरज उरली नाही, याचे मला वाईट वाटत नाही. जे मला तिच्या नाकावर बसून जमले नाही ते कॅमेऱ्यावर बसून जमले, एवढे मला पुरे आहे.

आता मी हिरूच्या बियाच्या टोपलीत, मऊ फडक्यात असते. मला पदराने कोरडे पुसू नका, धुळीने चरे पडतात; आधी पाण्याने धुवा, मग फडक्याने टिपा. येसाजी अधूनमधून मागायला येतो, कुठल्याशा किड्याच्या पंखाचा फोटो काढायचा असतो. "पेरणी झाली की न्या," असे हिरू त्याला सांगते, आणि तो निमूटपणे परत जातो. ज्यांनी मला फेकले नाही त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. फ्रेम चावून मला मोकळे करणाऱ्या त्या वासराचीही.

आणि मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळचे दिसत नसेल तर त्याला चष्मा करून द्या. तो येईपर्यंत, त्याला दिसत नाही म्हणून त्याचे म्हणणे खोटे धरू नका.