पिवळे राहिलेले मणी

मित्रांनो, मी एक जुनी, कुरकुरणारी मशीन आहे. पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या, मी बनवते. माझ्या काचेच्या पोटात रेतीएवढे मणी असतात. त्या मण्यांवर मी अमिनो आम्लाची एकेक कडी ठरलेल्या क्रमानं जोडत जाते. एक जरी कडी चुकली, की सगळं मुसळ केरात.

बावीस वर्षं मला या प्रयोगशाळेतल्या बाईंनी चालवलं. जीभ तिखट, पण हात सोन्याचा! प्रत्येक कडीनंतर त्या चार मणी काढायच्या, त्यांवर रसायनाचे थेंब टाकून तापवायच्या. मणी निळे झाले, तर कडी नीट बसलेली नाही. पिवळे राहिले, तर बसली. फक्त प्रोलिन नावाच्या कडीवर पुढची कडी जोडताना ही परीक्षा चक्क खोटं बोलते. कडी बसो न बसो, मणी निळे होतच नाहीत. म्हणून बाई तिथे मला ती पुढची कडी दोनदा जोडायला लावायच्या. हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. बाई निवृत्त झाल्या आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या दादानं मला पुसलं. त्याची धाकटी बहीण दवाखान्यात आहे. तिचं शरीर स्वतःच्याच नसा कुरतडतंय. डॉक्टर म्हणाले, आता एक खास पेप्टाइड हाच शेवटचा उपाय, आणि ते बाजारात मिळत नाही. बिचारा तीन दिवस माझ्यापाशी बसून होता. प्रोलिननंतरची कडी आली आणि नेमकी माझी नळी तुंबली. अर्धंच द्रावण पोटात आलं. मी खूप खरखरले. दादानं मणी तापवले, तर पिवळे!

"बसली बाबा एकदाची!" तो म्हणाला.

माझा जीव टांगणीला लागला. पण आम्हाला तोंड कुठे असतं?

आज मण्यांवरून सोडवलेल्या साखळीची पांढरी पूड दादानं कुपीत भरली. शेजारच्या खोलीत रेणूंचं वजन तपासणारी ताई म्हणाली, "अरे, नमुना ठेवून जा. कडी कमी असेल तर वजनात कळेल."

"ठेवतो. पण थांबायला वेळ नाही गं ताई."

जाता जाता त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास गं, म्हातारे! वाचवलंस आम्हाला."

इतक्या वर्षांत मला कुणी शाब्बासकी दिली नव्हती. मला रडूच आलं.

मित्रांनो, दुसऱ्याचं काम हाती घ्याल, तेव्हा आधी त्या माणसाला एक फोन करा. बाईंचा नंबर अजून माझ्या झाकणावर चिकटवलेला आहे. बहिणीचं पहिलं इंजेक्शन आज चार वाजता आहे. वजनाचा कागद उद्या येईल.