आकडीला अडकवलेली पक्कड

हरेशनं आखातातून पाठवलेली पक्कड नमितानं दुसऱ्याच दिवशी कापायला घेतली, तेव्हा आई कपाळाला हात लावून बसली. तशी ती नुसती पक्कड नव्हतीच. मुठी उघडल्या की आतून सुरी, पेचकस, कानस आणि बाटलीचं बूच काढायचा पिळाचा काटाही निघायचा. निडी गावात असली वस्तू कोणी पाहिली नव्हती.

"भावानं धाडलेली चीज गो, मोडतेस व्हय?"

"मोडत नाय. आबांच्या हाताजोगी करतेय."

नमिता रोह्याच्या कंपनीत फिटर होती. लोखंड दिसलं की तिचे हात शिवशिवायचेच, पण या वेळी कारण खरं होतं. आंब्यावरून पडल्यापासून तिच्या वडिलांची, गुणाजींची, उजवी मूठ वळत नव्हती. कमरेला बांधलेल्या आकडीला कोयती अडकवल्याशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता. ती आता डाव्या हाताला पेलेना, म्हणून आकडी खुंटीला गेली आणि गुणाजी घरात बसले. मारुतीच्या पारावर सुपारी कातरून सगळ्यांना द्यायचा मान त्यांचा, तोही सुटला. आबा पुन्हा पारावर जावेत, एवढंच नमिताला हवं होतं.

बुचाचा काटा काढून तिनं तिथं कोयतीच्या वळणाचं बोटभर पातं बसवलं. डाव्या अंगठ्यानं उघडावी म्हणून सुरीला पितळेचं बोंड लावलं. एक जबडा घासून अडकित्त्यासारखी धार काढली. मुठींत स्प्रिंग घातली. हात सैल केला की तोंड आपसूक उघडायचं. शेवटी आकडीत अडकवायला कडी लावली, कारण पंचा नेसणाऱ्याला कुठला आलाय पट्टा?

गुणाजींनी पक्कड उलटीसुलटी करून पाहिली. मग बाजूला ठेवून दिली. सकाळी मात्र खुंटी रिकामी होती.

नमिता तशीच पाराकडं धावली. आबा मधोमध बसून डाव्या हातानं सुपारी कातरत होते.

"आता काय डाव्या हातानं देणार, गुणाजी?" शेजारी बसलेल्या पुंडलिकनं टोमणा मारला.

डाव्या हातानं दिलेली सुपारी कोण घेणार? सगळं जुळवलं, नेमका याचाच विचार राहिला होता.

गुणाजींनी न वळणारा उजवा तळवा पुढं केला. कातरलेली सुपारी त्यावरच पडली होती.

"घे. द्यायला मूठ कशाला वळाया पायजे?"

पुंडलिकनं सुपारी उचलली. "हत्यार हरेशनं धाडलं काय?"

"हरेशनं धाडलं ते येगळं. ह्ये माझ्या लेकीनं केलंय. कंपनीत फिटर हाय ती."

असं चारचौघांत आबा तिच्याबद्दल कधी बोलले नव्हते. तेवढ्यात तो तळवा तिच्यापुढं आला. पारावर बाईमाणसाला सुपारी द्यायची रीत नव्हती. सगळे बघत होते.

नमितानं सुपारी उचलली आणि तिथंच तोंडात टाकली.