दुस्तूसाठी आई मागायला

मक्याची कणसं दाण्यांनी भरली, त्यांच्या शेंड्या सुकून काळ्या पडल्या, तेव्हा वागुलीनं मनाशी पक्कं केलं: यंदाच्या नव्या मक्याच्या सणाला दुस्तूला आपला मुलगा करून घ्यायचं.

कुणाला नवल वाटलं नसतं. वागुलीचा एकुलता एक मुलगा चार हिवाळ्यांपूर्वी तापानं गेला होता. नवरा त्याच्या आधीच. मुलगी झालीच नाही. पक्षी कुळातली एवढी मोठी बाई, नदीकाठी सगळ्यात चांगल्या मातीचं शेत तिचं, घर तिचं, धान्याचं कोठार तिचं. आणि संध्याकाळी चुलीवर आंबील ठेवायची ती एकटीपुरती.

आणि दुस्तू? त्याच्या वाट्याला वेगळंच आलं होतं. बाप हरीण कुळातला, चांगला शिकारी. पण आई डोंगरापलीकडच्या परक्या लोकांतली, आणि ती दुस्तू लहान असतानाच वारली. कुळ येतं ते आईकडून. बाप कितीही मोठा असला तरी तो पोराला प्रेम देईल, धनुष्य देईल, कुळ देऊ शकत नाही. तीन वर्षांपूर्वी बाप त्याला घेऊन अमागोली गावात आला आणि त्याच थंडीत गेला. पोरगा उपाशी राहिला नाही, तसलं पाप या गावात नाही. कुठल्याही दारात गेला तरी वाडगं पुढे यायचं. पण सभाघरात सात बाजूंना सात कुळांची बाकं, आणि हा वीस-बावीस वर्षांचा, झाडासारखा उंच गडी दाराशी उभा. ना कुणी भाऊ म्हणणारं, ना कुणी मामा, ना कुणाच्या मुलीला मागणी घालायची सोय. ज्याला कुळच नाही, त्याच्याशी सोयरीक कुठल्या नात्यानं जोडायची?

त्यातून त्या उन्हाळ्यात तीनदा असं झालं की वागुली पहाटे बाहेर आली तर अंगणातल्या माचावर हरणाची ताजी मांडी, स्वच्छ पानांत गुंडाळलेली. दुस्तूच्या हातची बांधणी ती ओळखायची. अंगण एकच, तिचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं घर समोरासमोर. वागुलीनं तिन्ही वेळा मांस शिजवलं, मक्याच्या भाकरीबरोबर दुस्तूलाच बोलावून वाढलं, आणि तो मान खाली घालून जेवला. ‘बघ,’ ती मनात म्हणाली, ‘तोंडानं बोलत नाही, पण लेकासारखं आणून ठेवतोय. वर बसलेल्यानं एक नेला, एक धाडला.’

तिनं आपल्या भावाला, तावोडीला, सांगितलं. कुळातल्या मुलामुलींचा मामा तो. त्याच्या होकाराशिवाय पान हलायचं नाही.

“कर की आक्का,” तावोडी म्हणाला. “पोरगा चांगला आहे. जरा कमी बोलतो, पण तू आहेस ना दोघांचं बोलायला.”

सणाला चार दिवस होते. दुस्तू लाकडं फोडत होता तिथं वागुली गेली आणि सरळ म्हणाली, “सणाला मी तुझा हात धरून तुला आमच्या बाकावर बसवणार. त्या दिवसापासून मी तुझी आई.”

दुस्तूच्या हातातली कुऱ्हाड तशीच राहिली. चेहरा आधी उजळला आणि मग असा उतरला की वागुलीला वाटलं, याला ऊन लागलं.

“आज्जी...” तो म्हणाला. पुढे काहीतरी म्हणायचं होतं, गिळलं. “तू म्हणशील तसं.”

आणि लाकडं अर्धी टाकून नदीकडे निघून गेला.

दुपार कलल्यावर वागुली घरी आली तर अंगणात बहिणीची मुलगी नोया उखळात मका कांडत होती. मुसळ वर जातंय, खाली येतंय आणि दर घावाला डोळ्यांतलं पाणी उखळात पडतंय.

“काय गं, मीठ कमी पडलं का मक्याला?” वागुली म्हणाली.

नोयानं मुसळ आपटलं. “थोरले आई, तुला कुणी सांगितलं होतं ते मांस शिजवायला?”

“कुठलं मांस?”

“तिन्ही वेळचं! माझ्यासाठी ठेवलं होतं त्यानं. मी शिजवणार होते. एकदा मी उठेपर्यंत तू चुलीवर चढवलंससुद्धा. दुसऱ्यांदा मी अंधारात उठले, तर तू माझ्याही आधी! तिसऱ्यांदा मी म्हटलं, आता सांगावं, तर तू त्यालाच समोर बसवून वाढत होतीस.”

तावोडी सावलीत बाण सरळ करत बसला होता. त्याच्या हातून बाण पडला. पुरुषानं दारात शिकार आणून ठेवायची आणि बाईनं ती शिजवून त्याला वाढायची, म्हणजे बाई हो म्हणाली; हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तावोडी आधी गप्प राहायचा प्रयत्न करत होता, पण त्याच्या खांद्यांनी दगा दिला.

“आक्का! तीनदा हो म्हणालीस तू त्याला! या वयात!”

“गप रे मेल्या!” वागुली ओरडली, पण हसू तिलाही आलं, आणि हसता हसता एकदम थांबलं.

कारण पुढचं तिच्या ध्यानात आलं. आईची बहीण म्हणजे आईच. दुस्तू तिचा मुलगा झाला की नोया त्याची बहीण. सख्खी. मग त्या दोघांनी एकमेकांकडे नुसतं तसं पाहणंसुद्धा गावाला विटाळ.

“मग त्यानं मला नाही का म्हटलं नाही?” तिनं हळूच विचारलं.

नोयानं डोळे पुसले. “नदीवर भेटला तेव्हा मी तेच विचारलं. तर म्हणाला, मला आजवर कुणी मुलगा म्हटलं नाही गं. ती म्हणाली, तर तिला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना.”

वागुली तिथून निघाली आणि शेतात जाऊन बसली. कणसं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती. कुणी तिला दोष दिला नसता, हे तिला माहीत होतं. तिचा हक्क होता, भावाचा होकार होता, पोरगाही तयार होता. नोया चार दिवस रडली असती आणि मग दुसऱ्या कुणाचं मांस शिजवलं असतं. सकाळी चुलीशी आपलं कुणीतरी बसलं असतं. “भूक लागली” असं आपल्याला म्हणणारं कुणीतरी. एवढंच तर मागत होते मी, ती त्या वरच्याला म्हणाली, फार नव्हतं मागितलं. आणि बराच वेळ ती मनातून त्याच्याशी भांडत राहिली; त्याला भांडणं चालतं, तो बिचारा ऐकून घेतो.

मग तिनं डोळे पुसले आणि बोटांवर कुळं मोजायला घेतली. दुस्तूला आई तर पाहिजेच. कुळ नाही तर लग्न नाही. पक्षी कुळ नको, ते नोयाचं. हरीण कुळ नको, ते बापाचं; पोराला बापाच्याच कुळात बसवणं शोभत नाही. लांडगा कुळ? नोयाचा बाप लांडगा कुळातला. मुलगी बापाच्या कुळात द्यायची नसते. बाकीच्या तीन कुळांची अमागोलीत घरंच नव्हती; मग एकच कुळ उरलं. निळं कुळ. आणि निळ्या कुळाची मोठी बाई म्हणजे गुग्वे.

“अरे देवा,” वागुली कणसांना म्हणाली. “तीच का?”

गुग्वेचं शेत तिच्या शेताला लागून. वागुली पांढरा मका लावायची, गुग्वे तांबडा. दोन्ही एकाच वेळी फुलोऱ्यावर यायचे, वारा गुग्वेकडून सुटायचा आणि वागुलीच्या पांढऱ्याशुभ्र कणसांत तांबडे दाणे निघायचे, गोवर उठल्यासारखे. यावरून अकरा वर्षं दोघींचं बोलणं धड नव्हतं. दर सणाला सगळ्या गावाबरोबर एकमेकींना माफ करायच्या आणि तिसऱ्या दिवशी बांधावर उभ्या राहून पुन्हा सुरू.

वागुली बांध ओलांडून गेली. गुग्वे शेंगा तोडत होती. तिनं वर पाहिलंच नाही.

“सण अजून यायचा आहे,” गुग्वे म्हणाली. “माफी आधीच मागायला आलीस?”

“मुलगा द्यायला आले आहे.”

आता गुग्वेनं वर पाहिलं.

वागुलीनं सगळं सांगितलं. मांसाचंही, लपवलं नाही. गुग्वे इतकी हसली की शेंगांची टोपली कलंडली.

“तीनदा! आणि पोरानं खाल्लंही!”

“हसून झालं की सांग.”

“अगं, माझ्या घरात चार मुली, चार जावई, नातवंडं मोजायचीही सोडून दिली. आत शिरताना बाहेरच्याला विचारावं लागतं, कुणी निघतंय का म्हणून. आणि वर हा सात हातांचा बांबू?”

“आठ दिवस ठेव. मग लग्न, मग येईल आमच्या अंगणात.”

“वा गं! म्हणजे आई मी, आणि राबणार तुमच्या दारात?”

“सगळ्यांचेच मुलगे तसे जातात, गुग्वे. माझा गेला असता. तुझ्या भावालाही तुझ्या आईनं असंच धाडलं.”

 शेंगा गोळा करता करता गुग्वेनं वागुलीकडे नीट पाहिलं. अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं असं.

“तुला तो स्वतःला हवा होता,” ती म्हणाली.

“हो.”

“अजून हवाय.”

“हो. पण माझा मुलगा होऊन तो बोलणार काय माझ्याशी? समोर बसेल आणि नोयाच्या दाराकडे बघणार नाही. जन्मभर. ते बघत मी जेवू?”

गुग्वे उठली. कमरेच्या कातड्याला हात पुसले. “माझ्या भावाला विचारते. तो नाही म्हणायचा नाही. त्याला माशाच्या जाळ्याला माणूस हवाच आहे. आणि हे बघ वागुले, माझा मका मी मागे-पुढे लावणार नाही.”

“तुला कोण सांगतंय लाव म्हणून!”

सणाच्या दिवशी गावातल्या जुन्या चुली विझवून नव्या आगीचे निखारे घरोघर गेले. गुग्वेनं आणि तिच्या भावानं दुस्तूला नदीत सात बुड्या दिल्या आणि सभाघरात आणलं. निळ्या कुळाच्या बाकावर आधीच दाटी, गुग्वेनं दोन नातवंडांना मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “बस रे, माझ्या लेका.” दुस्तू बसला. कुठं बघावं ते त्याला कळेना, तेव्हा त्यानं वागुलीकडे पाहिलं. वागुलीनं मान हलवली आणि आपल्या कुळाच्या गाण्यात एवढ्या मोठ्यानं सूर लावला की तावोडीनं कान झाकले.

आठ दिवसांनी लग्न. गुग्वेनं पोराच्या हातात हरणाची मांडी दिली, नोयानं टोपलीभर कणसं आणली. एकानं सांगितलं, मी मांस आणीन, दुसरीनं सांगितलं, मी धान्य पिकवीन, आणि दोन्ही आयांनी दोघांची घोंगडी एकत्र बांधली. या वेळी मांस नोयानंच शिजवलं. वागुलीला दोन माणसांनी धरून लांब बसवलं होतं, चेष्टेनं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणातली सगळी माणसं नदीवर निघाली. पाण्यावर धुकं होतं, डोंगराच्या मागं आकाश नुकतं पांढरं होत होतं. वागुली गुडघाभर पाण्यात उभी राहून उगवतीकडे तोंड करून एकेका माणसाचं नाव घेऊ लागली: बहीण, भाऊ, नोया. मग दुस्तू. दुस्तू मात्र अजून आलाच नव्हता. आला तो डोळे चोळत, केसांत गवत, एक पायताण हातात.

“आज्जी, भूक लागली,” तो म्हणाला.

वागुलीनं तोंड वळवलं. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. पहाटेच्या पाण्याचं कुणी विचारत नाही. मग पुन्हा त्याच्याकडे वळून कमरेवर हात ठेवले.

“आधी बुड्या! पक्षी कुळाच्या अंगणात सूर्याच्या आधी उठतात, जावईबापू. तुझ्या आईनं काही शिकवलं नाही वाटतं?”

धुक्यातून, पलीकडच्या घाटावरून, गुग्वेचा आवाज आला.

“आठ दिवस दिलेस तू मला, वागुले! आठ दिवसांत काय काय शिकवणार होते?”